जाडजूड पण अंग चोरून बसणारा फॉन्ट हवाय (स्टँडीच्या शीर्षकासाठी)

कोरंपान | रविवार, रात्री १०:४२

मंडळी जरा मदत हवीये. आमच्या क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेचं डिझाइन माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर "तुला कॉम्प्युटरचं कळतं". दाराशी एक उभी स्टँडी करायचीय, ३ फूट रुंद आणि ६ फूट उंच. त्यावर मोठ्ठ्या अक्षरात "खुली बुद्धिबळ स्पर्धा" तीन ओळीत, खाली रोमन कॅपिटलमध्ये ओपन चेस टूर्नामेंट, आणि त्याखाली "स्विस पद्धत, ९ फेऱ्या". शिवाय नोंदणीच्या वेबपेजला पण तसंच हेडिंग पाहिजे.

आता गंमत अशी की रुंदी कमी आणि शब्द लांब, मग मी नेहमीचाच एक बोल्ड फॉन्ट घेतला, हँडल पकडून आडवा दाबला ६० टक्क्यांपर्यंत आणि उंची वाढवली. मापात बसलं सगळं. पण दिसतंय भयानक. काहीतरी चुकलंय हे कळतंय पण काय ते सांगता येईना. इंग्रजी सिनेमांच्या पोस्टरवर आणि खेळाच्या बातम्यांच्या हेडिंगला जो उंच, जाड, एकमेकांना चिकटून उभा असतो तसला टाइप हवाय. त्याला नेमकं म्हणतात काय आणि तो मराठीत मिळतो का?

निशाचर१ | रविवार, रात्री ११:०५

इम्पॅक्ट टाक. पांढरं अक्षर, काळी किनार. विषय संपला, झोपा सगळे.

रेघोटी | रविवार, रात्री ११:३१

निशाचर 😄 मीमवाल्यांनी त्या बिचाऱ्या फॉन्टचं नाव खराब केलंय खरं. तो जेफ्री ली यांनी केला आणि १९६५ साली शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीनं धातूत ओतून विकायला काढला, म्हणजे मीमच्या कितीतरी आधीचा. पुढे मायक्रोसॉफ्टनं विंडोजबरोबर सगळ्यांच्या घरात पोचवला म्हणून तो इतका दिसतो.

कोरंपान, तुम्हाला जे हवंय त्याला बोल्ड कंडेन्स्ड सॅन्स म्हणतात. सॅन्स म्हणजे टोकांना सेरिफ (रेघेच्या टोकाची छोटी शेपटी) नसलेला, कंडेन्स्ड म्हणजे अरुंद. आणि तुमचं चुकलं कुठे ते सांगते. समजा तुमच्या अक्षराची उभी रेघ ३० मिलिमीटर जाड होती आणि आडवी २७. तुम्ही आडवं ६० टक्के दाबलंत, तर उभी रेघ झाली १८ आणि आडवी राहिली २७ च्या २७! सगळा तोल उलटा झाला. आपल्या डोळ्याला मुळातच सारख्या जाडीच्या रेघांत आडवी जास्त जाड वाटते, म्हणून टाइप काढणारे आडवी रेघ मुद्दाम थोडी बारीक ठेवतात, आणि तुम्ही नेमकं त्याच्या विरुद्ध करून बसलात. रोमन ओ बघा तुमच्या फाइलमधला, डोक्यावर आणि बुडाला जाड, कुशीत हडकुळा झाला असेल.

खरा कंडेन्स्ड दाबून होत नाही, तो अरुंद म्हणूनच पहिल्यापासून काढलेला असतो. त्यातल्या ओ ला कुशीत सरळ उभ्या भिंती असतात, गोलाई फक्त वर आणि खाली उरते, धावण्याच्या मैदानाचा ट्रॅक असतो ना तसा आकार. आतली पोकळी अरुंद होते आणि दोन अक्षरांमधली फट जवळपास त्या पोकळीएवढीच ठेवतात. म्हणून लांबून बघितलं की काळा-पांढरा-काळा-पांढरा असा कुंपणाच्या फळ्यांसारखा ठेका दिसतो, तुम्हाला आवडलेला परिणाम तोच आहे.

कोरंपान | सोमवार, सकाळी ७:५०

अगदी तंतोतंत!! आत्ता झूम करून मोजलं, उभी रेघ आडवीच्या पाऊणपट पण नाहीये. दोन दिवस त्याच्याकडे टक लावून बसलो होतो आणि मला वाटत होतं रंग चुकलाय.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:१४

मला या सगळ्या प्रकाराबद्दलच शंका आहे. आजकाल उठसूट कुठलंही थंबनेल, कुठलंही पोस्टर, सगळीकडे तोच उंच जाड कॅपिटल टाइप, अंगावर ओरडल्यासारखा. मजकूर कमी करा, साधा फॉन्ट वापरा, वाचणारा वाचेल. आवाज चढवला की माणूस ऐकतोच असं नाही.

जुळारी | सोमवार, दुपारी १:२०

शंकासुर साहेब, ओरडण्यासाठीच जन्माला आलाय तो, त्याला काय करणार. आम्ही तरुणपणी छापखान्यात खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवले, त्यामुळे थोडं बोलतो, लांबलं तर माफ करा.

सेरिफ नसलेला छपाईचा टाइप पहिल्यांदा लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याच्या नमुन्यात १८१६ साली दिसतो, नुसती कॅपिटल्स. नंतर जाहिरातींचा काळ आला, भिंतीवर लावायची पत्रकं आली, त्यांना दहा पावलांवरून वाचता येणारी अक्षरं पाहिजेत. पण शिशाचं एवढं मोठं अक्षर ओतलं तर ते गार होताना सगळीकडून सारखं गार होत नाही, पृष्ठभागाला खड्डे पडतात, आणि वजन किती! मग १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकडावर अक्षर कोरून काढायचं यंत्र केलं, त्यानं लाकडी टाइप स्वस्त झाला आणि पाहिजे तेवढा उंच करता यायला लागला.

आता पत्रकाचा कागद ठरलेल्या रुंदीचा. एका ओळीत तीन अक्षरी शब्द, खालच्या ओळीत बारा अक्षरी, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही ओळी काठापासून काठापर्यंत भरून हव्या. लहान शब्दाला रुंद टाइप लावायचा, लांब शब्दाला अरुंद. म्हणून एकाच वळणाचे चारपाच रुंदीचे संच ठेवायचे. तुमच्या कंडेन्स्डची गरज अशी निघाली. कोरंपान यांचा प्रश्न पण तोच आहे बघा, ३ फुटात "बुद्धिबळ" बसवायचंय.

आमच्याकडे एक लाकडी संच होता, त्यात ठराविक अक्षरं दोनदोनच. मजकुरात तिसरं लागलं की मालक मजकूरच बदलायला सांगायचे. शब्द खिळ्यांच्या मापानं निवडायचे दिवस ते.

रेघोटी | सोमवार, दुपारी २:०२

जुळारीकाका, लांबू द्या की, हेच तर वाचायला येतो इथे.

यात थोडी भर. या घराण्याची पणजी म्हणावी अशी अल्टरनेट गॉथिक, मॉरिस फुलर बेंटन यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी १९०३ साली केली. एकच वजन (म्हणजे जाडी) पण तीन रुंदींमध्ये, नंबर १ सगळ्यात अरुंद. काका म्हणतात तीच सोय. नंतर युरोपात १९५४ ला वॉल्टर हेटनश्वायलर यांची श्माल्फेट ग्रोटेस्क आली, नावाचा अर्थच मुळी अरुंद-जाड ग्रोटेस्क (ग्रोटेस्क म्हणजे बिनसेरिफचा टाइप). विली फ्लेकहाउस यांनी ट्वेन मासिकात ती काय वापरलीये, पानभर काळी अक्षरं आणि शेजारी मोकळा पांढरा कागद. १९६३ ला लेट्रासेट कंपनीनं फ्रेड लॅम्बर्ट यांची कॉम्पॅक्टा काढली, त्यात अक्षरांच्या आत जागा अगदी फटीएवढी. आणि १९६५ ला निशाचरचा लाडका इम्पॅक्ट.

अवांतर: माझं सगळ्यात आवडतं नामकरण चॅम्पियन गॉथिकचं. जोनाथन हॉफ्लर यांनी १९९० मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडसाठी केला, आणि रुंदीनुसार नावं दिली बॉक्सिंगच्या वजनगटांची, बँटमवेट, फेदरवेट, वेल्टरवेट, हेवीवेट. युनिव्हर्स फॉन्टमधल्या ६७ नंबरपेक्षा कितीतरी लक्षात राहतं. (युनिव्हर्समध्ये पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदी आणि तिरकेपणाचा, ६७ म्हणजे बोल्ड कंडेन्स्ड. हुशार पद्धत आहे पण आकडे पाठ कोण करतं.)

अर्धा_र | सोमवार, संध्याकाळी ६:४०

इतिहास भारी चाललाय पण या माणसाला स्टँडी छापायचीये 😅 फुकट आणि मोकळ्या लायसन्सचे, गूगल फॉन्ट्सवरून थेट उचलता येतील असे सांगतो, आधी फक्त रोमन.

बेबस नॉय. जपानचे रियोइची त्सुनेकावा यांचा, २०१० चा. फक्त कॅपिटल आहेत, स्मॉल लेटर टाइप केलं तरी कॅपिटलच उमटतं. शंकासुर ज्याच्यावर चिडलेत तो बहुतेक हाच, जिथे तिथे असतो. पण दोष त्याचा नाही, तो चांगलाच आहे.

अँटन आणि ऑस्वल्ड, दोन्ही व्हर्नन अ‍ॅडम्स यांचे. अँटन एकदम काळाकुट्ट, एकच वजन. ऑस्वल्डला बारीकपासून बोल्डपर्यंत सगळी वजनं आहेत आणि स्मॉल लेटर पण नीट आहेत, त्यामुळे वेबवर मला तो जास्त सोयीचा पडतो.

लीग गॉथिक म्हणजे वर रेघोटीताईंनी सांगितलेल्या अल्टरनेट गॉथिकचाच २००९ मध्ये केलेला मोकळा अवतार.

कोरंपान | सोमवार, रात्री ९:५५

धन्यवाद अर्धा_र भाऊ, बेबस नॉय घेतला. स्टँडीच्या फाइलमध्ये एक नंबर दिसतोय. पण तोच वेबपेजच्या हेडिंगला लावला तर फुगल्यासारखा, कडा ओघळल्यासारखा दिसतोय, ए च्या आतलं त्रिकोणी भोक जवळपास बुजलंय. फाइल तीच, लिंक तीच. स्क्रीनशॉट जोडलाय, वरचं स्टँडीमधलं, खालचं वेबपेजचं. डोकं फिरलंय.

निशाचर१ | सोमवार, रात्री १०:१०

खालच्यानं सुट्टीत वजन वाढवलंय

अर्धा_र | सोमवार, रात्री १०:२२

हसू नका, निशाचर बरोबर बोललाय 😄 वजनच वाढलंय आणि ते ब्राउझरनं वाढवलंय. एच१ टॅगला (वेबपेजच्या मुख्य हेडिंगची खूण) ब्राउझर स्वतःहून बोल्ड लावतो. गूगल फॉन्ट्सवरच्या बेबस नॉयमध्ये वजन एकच, ४००. दिसायला तो जाड आहे पण कागदोपत्री रेग्युलर! ब्राउझर बघतो की याला बोल्ड हवंय आणि फाइलमध्ये बोल्ड नाही, मग तो तेच अक्षर फुगवून खोटा बोल्ड तयार करतो. साध्या फॉन्टमध्ये ते खपून जातं, पण यात आधीच आतली जागा फटीएवढी, तिथे थोडं जरी फुगवलं तरी बुजतं.

उपाय सोपा. एच१ ला फॉन्ट-वेट ४०० द्या. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून फॉन्ट-सिंथेसिस नावाची प्रॉपर्टी आहे तिला नन द्या, म्हणजे ब्राउझर स्वतःची कलाकुसर करणार नाही. अँटनलाही हेच लागू, त्यातही ४०० च आहे.

कोरंपान | सोमवार, रात्री १०:३१

झालं!!! एका ओळीत. मी संध्याकाळपासून कॅशे क्लिअर करत होतो.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:४५

बरं, हे सगळं रोमनचं झालं. स्टँडीवर तीन मोठ्या ओळी देवनागरी आहेत हे कोणाच्या लक्षात आहे का? माझं म्हणणं असं की हा सगळा परिणाम कॅपिटल अक्षरांच्या जिवावर आहे, सगळी एका उंचीची, ना वर काही ना खाली काही, म्हणून विटांसारखी रचता येतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत, वर वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार. तिथे रोमनची नक्कल करायला गेलात की फसणार. आणि शिरोरेषा आहेच की, एवढा आडवा जाड पट्टा असताना उभ्या रेघांचा ठेका येणार कुठून?

रेघोटी | मंगळवार, सकाळी ११:१८

शंकासुर, तुमच्याशी भांडायच्या तयारीनं आले होते पण तुमचं निम्मं बरोबर आहे, तेव्हा आधी निम्मं कबूल करते.

शिरोरेषेचं. रोमन बोल्डमधली उभ्या रेघेची जाडी जशीच्या तशी शिरोरेषेला दिली तर वर काळी पट्टी मारल्यासारखं दिसतं आणि खालची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात. म्हणून चांगल्या जाड देवनागरीत शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा मुद्दाम बारीक केलेली असते. फॉन्ट निवडताना पहिल्यांदा तेच बघा.

पण ठेका येत नाही हे पटत नाही. देवनागरीत खूप अक्षरांना उभा दंड आहे, प न म स त ग ब व, शिवाय काना आणि दोन्ही वेलांट्यांचे दंड. ही अक्षरं अरुंद करायला सोपी, दंड ताठ ठेवायचा आणि डावीकडचा भाग आत घ्यायचा. "समान", "पवन" असले शब्द बोल्ड कंडेन्स्डमध्ये रोमन कॅपिटलइतकेच दणकट दिसतात. त्रास देतात ती बिनदंडाची मंडळी. ट ठ ड ढ द ह ळ. ही शिरोरेषेला आखूड मानेनं लटकलेली असतात आणि खाली गोल पोट. पोट दाबलं तर ओळख जाते, न दाबलं तर शेजाऱ्यांपेक्षा रुंद दिसतं. काही डिझायनर मग गोलाईऐवजी कोपरे वळवलेला चौकोन करतात, त्यानं जागा वाचते. तुमच्या "बुद्धिबळ" मध्ये ब ला दंड आहे पण द्ध आणि ळ दोन्ही बिनदंडाचे, म्हणजे परीक्षा घेणारा शब्द निवडलाय तुम्ही.

जाडीचा वेगळा प्रश्न. म आणि भ ची गाठ आधी भरून जाते. मग घ आणि ध मधला फरक, थ आणि य मधला. आणि ख! जाड आणि अरुंद केला की त्याचे दोन तुकडे जरा जरी सुटले तर तो र आणि व वाचला जातो. "खुली" चं "रवुली" झालं तर स्पर्धेला कोण येणार.

निशाचर१ | मंगळवार, दुपारी १२:०४

रवुली बुद्धिबळ स्पर्धा, मी नाव नोंदवतोय

पण मग अक्षरं जवळजवळ येऊन गिचमिड होतीये तर लेटर स्पेसिंग वाढव की थोडं, मी रोमनला नेहमी तेच करतो.

अर्धा_र | मंगळवार, दुपारी १२:२०

नको नको नको. देवनागरीत लेटर स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर वेगळ्या डब्यासारखं सुटं होतं. उणे केलं तर अक्षरं एकमेकात घुसतात. देवनागरीला तो आकडा शून्यच ठेवायचा, मोकळं हवं असेल तर फॉन्टचा जरा रुंद कट (रूप) घ्यायचा. आणि तुझी ती काळी किनार, ती पण इथे दगा देते. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून अक्षरांची टोकं एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, किनार दिली की प्रत्येक सांध्यावर रेघ उमटते. किनार हवीच असेल तर दोन प्रती घ्यायच्या, मागे जाड किनारवाली, पुढे बिनकिनारीची.

रेघोटी | मंगळवार, दुपारी १:४०

+१

आता नावं. इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड, दोन्हीत देवनागरी आणि रोमन एकत्र आहे, दोन्ही शीर्षकासाठीच केलेले, दोन्हीला लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं. तेको चौकोनी बांध्याचा, खंडमध्ये अक्षराच्या आतली जागा जास्त उघडी. तिसरा "अनेक" नावाचा, "एक टाइप" या फाउंड्रीचा, २०२२ चा. तो व्हेरिएबल आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ अशी सरकवता येते. मुख्य म्हणजे ही रुंदी कमी करणं आणि तुम्ही हँडल पकडून दाबलंत ते, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, कारण इथे अरुंद टोकाचं अक्षर डिझायनरनं स्वतः काढलेलं असतं आणि मधल्या पायऱ्या गणितानं निघतात, उभ्या रेघेची जाडी सांभाळून. काकांचे चारपाच रुंदीचे लाकडी संच एका फाइलमध्ये मावले असं समजा. नोटो सॅन्स देवनागरीला पण रुंदीचा अक्ष आहे, ६२.५ पर्यंत खाली जातो, पण त्याचा स्वभाव मजकुराचा आहे.

जुळारी | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

संच एका फाइलमध्ये मावला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या पाठी गेल्या ते उचलून.

एक बघून घ्या. "फेऱ्या". यात अर्धा र आहे तो आपला मराठी, आडव्या चंद्रकोरीसारखा य ला चिकटलेला. साधा र टाइप करून पाय मोडलात तर डोक्यावर रफार जाईल आणि "फेर्या" होईल. नुक्त्याचा ऱ टाइप करून मग पाय मोडायचा आणि मग य. आणि फॉन्टमध्ये ते रूप जाड वजनातही नीट आहे ना ते छापून बघा, बऱ्याच जाड टाइपात ती चंद्रकोर इतकी मोठी करतात की जोडाक्षर फाटल्यासारखं वाटतं.

कोरंपान | बुधवार, रात्री ११:०२

रात्रभर तिन्ही लावून बघितले. निकाल सांगतो, माझं मत आहे, हसू नका.

तेको बोल्डमध्ये "स्पर्धा" जबरदस्त, पण चौकोनी ळ माझ्या डोळ्याला बसला नाही, हे माझं. खंड बोल्ड छान वाटला, वाचायला सगळ्यात मोकळा, पण मला अजून काळा हवा होता. शेवटी अनेक, जाडी ८००, रुंदी ७५. ख सलग राहतोय, म ची गाठ दिसतीये, फेऱ्या बरोबर आलं. खाली रोमन ओळ आधी बेबस नॉयमध्येच होती पण दोन वेगळ्या घरचे वाटत होते, म्हणून ती पण अनेकमध्येच केली. बेबस वेबपेजवर ठेवलाय.

अडचण एकच. तीन ओळी विटांसारख्या रचायला गेलो, ओळींमधलं अंतर रोमनसारखं कमी केलं, तर खु चा उकार खालच्या द्धि च्या वेलांटीत घुसतोय. अंतर वाढवलं तर तिसरी ओळ पार पडीक दिसते. शंकासुर म्हणाले होतेच.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ८:३०

म्हणालो होतो.

रेघोटी | गुरुवार, सकाळी १०:१५

अंतर सारखं ठेवलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? शीर्षक आहे, पुस्तकाचं पान नाही. तिन्ही ओळी वेगवेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये घ्या आणि डोळ्यानं लावा. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत उकार-वेलांटीची गाठ पडते, तिथे जास्त अंतर. दुसऱ्या-तिसऱ्यात बघा, "स्पर्धा" चा रफार उजवीकडे आहे आणि त्याच्या बरोबर वर ळ, ज्याच्या खाली काहीच नाही, तिथे ओढून घ्या वर. मोजून अंतरं वेगळी असतील पण बघताना सारखी वाटतील, आणि बघणारा मोजपट्टी घेऊन येत नाही.

अजून एक युक्ती. "खुली" छोटा शब्द आहे, तो "बुद्धिबळ" च्या रुंदीला आणायला मोठा करू नका, त्याच फाइलमधली रुंदी ७५ वरून ११० वगैरे सरकवा, उंची तीच ठेवा. जाडी मग नजरेनं जुळवा.

आणि भाषा मराठी लावलीत का? डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्टची भाषा मराठी करा, वेबवर लँग ला एमआर. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श ची मराठी वळणं येतात, नाहीतर हिंदी. "खुली" चा ल एवढा मोठा छापणार आहात, दिसणार तो.

कोरंपान | गुरुवार, दुपारी ३:२५

ताई ल बदलला!! मी तर इतकी वर्षं समजत होतो की ते फॉन्ट काढणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

अंतरं पण डोळ्यानं लावली. दारापासून साधारण ४० फुटांवरून वाचता यायला हवं, पुरेल ना?

अर्धा_र | गुरुवार, दुपारी ३:५०

बोर्ड रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असतो, १० फुटाला १ इंच अक्षर, म्हणजे तुला किमान ४ इंच. अरुंद अक्षर लांबून लवकर मिटतं म्हणून थोडं जास्तच धर. वरच्या तीन ओळींना चिंता नाही, "स्विस पद्धत, ९ फेऱ्या" ही ओळ जपून. ती ८०० जाडीत नको, ६०० घे आणि रुंदी १०० कर. ती जवळ येऊन वाचायची ओळ आहे, तिला ओरडायचं काम नाही.

आणि छपाईला देताना कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून. त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो, मग अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये उघडतात नाहीतर जोडाक्षरं फुटतात, व्हेरिएबलचं तर विचारूच नको. मूळ फाइल वेगळी जपून ठेव, कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

कोरंपान | रविवार, रात्री ८:१५

मंडळी, स्टँडी आली. फोटो जोडलाय. बघा आणि सांगा काय झालंय.

रेघोटी | रविवार, रात्री ८:४०

हे काय? हा रुंद कसा दिसतोय? दंड केवढे जाड! आणि शिरोरेषा धाग्यासारखी!

कोरंपान | रविवार, रात्री ८:५२

छापणाऱ्यांकडे ४ फुटी रोल शिल्लक होता. त्यांनी मला न विचारता ३ फुटाची फाइल हँडल पकडून ४ फुटाला ओढली, उंची तीच. वर म्हणतात "साहेब रिकामी जागा सोडली नाही, पूर्ण भरून दिलंय". १३३ टक्के! मी सुरुवातीला जो गुन्हा केला तोच, फक्त उलट्या बाजूनं.

निशाचर१ | रविवार, रात्री ८:५५

कंडेन्स्डचं एक्स्पान्डेड. व्हेरिएबल फॉन्ट म्हणतात तो हाच का

शंकासुर | रविवार, रात्री ९:१०

प्रामाणिकपणे सांगतो, आधीच्या स्क्रीनशॉटमधला मला आवडला होता. परत छापून घ्या.

कोरंपान | रविवार, रात्री ९:२०

शंकासुर, हे मी फ्रेम करून ठेवणार. परत छापून देतायत, उद्या संध्याकाळी मिळेल. या वेळी फाइलच्या नावातच लिहिलंय "३ बाय ६ ओढू नये".

जुळारी | सोमवार, सकाळी ६:४०

लाकडी टाइप असता तर कोणाच्या बापाला ओढता आला नसता. बाकी दुसरी प्रत आली की फोटो टाका, ळ बघायचाय मला.